डावामागचे बळ, बळामागचे अन्न

जबलपूर शहरापासून कटनीच्या दिशेने निघाले की वाटेत सिहोरा लागते. या तहसिलीतील एका लहानशा खेड्यात वाढलेल्या जानकी गोंड या मुलीची दृष्टी वयाच्या अवघ्या पाचव्या वर्षी गोवराच्या आजारात गेली. घरची परिस्थिती मोलमजुरीची. दृष्टिहीन मुलींना स्वसंरक्षण करता यावे म्हणून एका स्वयंसेवी उपक्रमातून या भागात ज्यूदोचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा जानकी त्यात दाखल झाली. स्वतःचे रक्षण करता यावे, एवढाच त्या शिकण्याचा मूळ हेतू होता. परंतु गादीवर उतरलेल्या या मुलीने त्याच्या पुष्कळ पुढे मजल मारली. २०१७ मध्ये उझबेकिस्तानातील ताश्कंद येथे झालेल्या आशिया व ओशेनिया विभागाच्या दृष्टिहीनांच्या ज्यूदो स्पर्धेत तिने भारतासाठी कांस्यपदक मिळविले.

या यशाकडे पाहताना मन प्रथम तिच्या जिद्दीकडे जाते आणि ते योग्यच आहे. मात्र जिद्दीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात, त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. एक म्हणजे डाव शिकण्याच्या वेळेव्यतिरिक्त केलेला शरीराचा व्यायाम आणि दुसरी म्हणजे ताटातले अन्न. ज्यूदो असो, कराटे असो, तायक्वांदो असो की आपली मातीतली कुस्ती असो, प्रत्येक युद्धकला या दोन खांबांवर उभी असते. डाव गुरू शिकवतो. पण तो डाव चौथ्या मिनिटालाही तितक्याच वेगाने टाकण्याचे सामर्थ्य व्यायामातून आणि आहारातूनच येते.

एका प्रांताची जुनी परंपरा

जबलपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. एके काळी हा प्रदेश मराठ्यांच्या सत्तेखाली होता. पुढे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांत व वऱ्हाड असा एकच प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर, नागपूर आणि अमरावती ही एकाच प्रांतातील शहरे होती. रेल्वे, शाळा-महाविद्यालये आणि १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे नर्मदेच्या या परिसरात स्थायिक झाली.

याच प्रांतातील अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. ज्या मल्लखांबाने परदेशी प्रेक्षकांना थक्क केले, त्याचे नावच त्याचे मूळ प्रयोजन सांगते. मल्लाचा खांब, म्हणजे पहिलवानाने सरावासाठी वापरावयाचा खांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. प्रतिस्पर्धी नसतानाही मल्लाची पकड, कंबर, मांड्या आणि श्वास तयार व्हावा, हा त्यामागचा विचार होता. आजच्या क्रीडाशास्त्रात ज्याला पूरक व्यायाम म्हणतात, तो आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच शिस्तबद्ध रीतीने केला जात होता. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला, ही या दृष्टीने औचित्यपूर्ण घटना म्हणावी लागेल.

आखाड्यातील इतर व्यायामांतही हीच दृष्टी दिसते. जोर मारल्याने खांदे, छाती आणि पाठीचा कणा एका लयीत काम करू लागतात. बैठकांनी मांड्या व पोटऱ्या भरतात. मुद्गल फिरविल्याने खांद्याच्या सांध्याला बळकटी व लवचिकता येते. आखाड्याची माती कुदळीने खणणे हे वरकरणी नुसते कष्टाचे काम वाटते. पण त्यात हाताची पकड, कंबर आणि दम या तिन्हींचा कस लागतो.

चार मिनिटांत काय घडते?

ज्यूदोची आंतरराष्ट्रीय लढत चार मिनिटांची असते. ऐकावयास हा वेळ अगदी थोडा वाटतो. प्रत्यक्षात त्या चार मिनिटांत खेळाडू वीस-तीस सेकंद सर्व ताकदीनिशी झुंजतो, पंच थांबवतात, काही क्षणांची उसंत मिळते आणि पुन्हा झुंज सुरू होते. कुस्ती, कराटे आणि तायक्वांदो यांतही थोड्याफार फरकाने हेच चक्र चालते.

शरीराला या कामासाठी तीन मार्गांनी ऊर्जा मिळते. पहिला मार्ग स्नायूंत साठवलेल्या तयार ऊर्जेचा. एकदम उसळून टाकलेली फेक किंवा विजेच्या वेगाने मारलेली लाथ याच ऊर्जेवर होते; परंतु हा साठा जेमतेम दहा सेकंद पुरतो. दुसरा मार्ग स्नायूंतील शर्करेचा. प्राणवायूची वाट न पाहता ही शर्करा वेगाने वापरली जाते आणि मिनिट-दीड मिनिट जोरकस काम होते. मात्र त्याबरोबर हातपाय जड होतात, पकड सैल पडते. तिसरा मार्ग प्राणवायूच्या साहाय्याने चालणाऱ्या मंद पण दीर्घकाळ टिकणाऱ्या ज्वलनाचा. दोन झुंजींमधील क्षणभराच्या उसंतीत शरीराला पुन्हा ताजेतवाने करण्याचे काम हा तिसरा मार्ग करतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. केवळ डावांचा सराव करणाऱ्या खेळाडूचा पहिला मार्ग काहीसा तयार होतो. पण दुसरा आणि तिसरा कच्चाच राहतो. अशा खेळाडूचे पहिले मिनिट देखणे असते आणि अखेरचे मिनिट केविलवाणे. थकलेल्या शरीराला माहीत असलेला डावही सुचत नाही. तोल जातो, पाय चुकीच्या जागी पडतो आणि बहुधा दुखापतही याच वेळी होते.

दृष्टिहीनांच्या ज्यूदोत याला आणखी एक पदर आहे. तेथे लढतीची सुरुवातच दोघांनी एकमेकांचा पोशाख धरून होते आणि पकड सुटली की लढत थांबवून पुन्हा पकड दिली जाते. म्हणजे लांब उभे राहून श्वास घेण्याची सवड जवळजवळ नाहीच. प्रतिस्पर्ध्याचे वजन कोणत्या पायावर आहे, तो ओढणार आहे की ढकलणार आहे, हे सारे हातांच्या पकडीतून आणि तळपायांतून उमजून घ्यावे लागते. बोटांतील ताकद संपली की तेथे माहितीचा मार्गच बंद होतो. म्हणून या खेळाडूंच्या बाबतीत पकडीचा, तोलाचा आणि दमाचा व्यायाम अत्यावश्यक ठरतो.

व्यायामाची आखणी

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची स्थापना केली ती शरीर, मन आणि शील यांच्या एकत्रित शिक्षणाची पद्धत म्हणून. त्याच देशातील संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास युद्धकलांच्या प्रशिक्षकांना फार उपयोगी पडला आहे. वीस सेकंद पूर्ण ताकदीने काम आणि दहा सेकंद विश्रांती, अशी सात-आठ आवर्तने सहा आठवडे नियमाने केल्यास दमही वाढतो आणि प्राणवायूविना जोरकस काम करण्याची क्षमताही वाढते, असे त्यांना आढळले. त्यांचा प्रयोग स्थिर सायकलीवर झाला होता. पण त्याचे तत्त्व मैदानावरील धावण्यास, दोरीउड्यांना किंवा गादीवरील फेकीच्या सरावासही लागू करता येते. अर्थात हा व्यायाम अतिशय कष्टाचा असल्याने पाया तयार झाल्यानंतरच आणि आठवड्यातून दोनदाच करावा, हे उत्तम.

पायाभूत तयारीसाठी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम पुरेसा असतो. महागड्या यंत्रांची त्यासाठी गरज नाही. बैठका, जोर, आडव्या दांडीला लोंबकळून अंग वर ओढणे, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन चढ चढणे आणि पोट-कमरेचे व्यायाम यांतून उत्तम ताकद येते. दांडीवर जाडसर टॉवेल टाकून त्याला धरून लोंबकळले तर पकडीचा व्यायाम होतो. मानेचे व्यायाम हळूहळू आणि देखरेखीखालीच वाढवावेत; कारण फेकले गेल्यावर डोके सांभाळण्याचे काम मान करते. एका गटाच्या स्नायूंना जोरकस व्यायाम दिल्यानंतर त्यांना साधारण ४८ तासांची उसंत द्यावी. ताकद विश्रांतीच्या काळात तयार होते, व्यायाम केवळ तिची मागणी नोंदवतो.

लहान मुलांना ताकदीचे व्यायाम दिल्यास त्यांची उंची खुंटते, हा समज अजूनही अनेक पालकांच्या मनात आहे. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, स्वतःच्या शरीराच्या वजनाने किंवा हलक्या वजनांनी केलेला व्यायाम वाढत्या वयातील मुलांना हितकारकच असतो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. अपाय होतो तो चुकीच्या पद्धतीने, ईर्ष्येपोटी पेललेल्या अवजड वजनांमुळे. याउलट चाळिशी उलटलेल्या आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या व्यक्तीने एकदम कराटेच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि पहिले दोन महिने चालणे, बैठका व ताणाचे सौम्य व्यायाम यांतच घालवावेत.

खुराक म्हणजे काय?

पहिलवानाचा खुराक म्हटला की डोळ्यांपुढे येते ती बदाम घोटून केलेली थंडाई, तांब्याभर दूध आणि तुपाची वाटी. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले, तेव्हा मल्लांच्या खुराकाची चिंताही दरबाराने वाहिली. त्या काळच्या मल्लाची मेहनत पाहिली तर तो खुराक अवाजवी नव्हता. दररोज हजारो जोर-बैठका काढणाऱ्या शरीराला तेवढी ऊर्जा हवीच असे. घोटाळा होतो तो मेहनत सुटते आणि खुराक मात्र चालू राहतो तेव्हा. उतारवयात अनेक मल्लांना जडणाऱ्या स्थूलतेचे आणि मधुमेहाचे एक कारण येथेच आहे.

आजच्या मोजमापाने विचार केला तर आठवड्यातून पाच-सहा दिवस कसून सराव करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. सर्वसाधारण प्रौढ भारतीयासाठी हेच प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम इतके सांगितले आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या ज्यूदोपटूने १.६ ग्रॅमचे प्रमाण धरले, तर त्याला दिवसाला ८८ ग्रॅम प्रथिने हवीत. हा आकडा पाहून अनेक पालक धास्तावतात आणि महागड्या परदेशी डब्यांच्या दुकानाची वाट धरतात. वास्तविक याचे उत्तर जबलपूरच्याच मातीत आहे.

१९६४ साली जबलपूर येथे जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालयाची स्थापना झाली. मध्य प्रदेशात सोयाबीनचे पीक रुजविण्यात या विश्वविद्यालयाचा वाटा मोलाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला 'जेएस ३३५' हा वाण त्याच्याच संशोधनातून आला. त्यातील 'जेएस' ही अक्षरे 'जवाहर सोयाबीन' या नावाची आहेत. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि तेल काढल्यानंतर उरलेल्या पेंडीपासून बनविलेल्या सोयावडीत ती सुमारे ५० टक्के असतात. मांसाहार न करणाऱ्या आणि दूध-बदाम न परवडणाऱ्या घरासाठी एवढे स्वस्त व सकस प्रथिन दुसरे क्वचितच सापडेल. मात्र सोयाबीन कधीही कच्चे खाऊ नये. त्यातील काही घटक पचनात अडथळा आणतात. ते व्यवस्थित शिजविल्यावरच निष्प्रभ होतात.

साध्या घरात ८८ ग्रॅमांचा हिशेब कसा जमतो, ते पाहण्यासारखे आहे. सकाळी ५० ग्रॅम हरभरे भिजवून, मोड आणून, शिजवून खाल्ले आणि पाव लिटर दूध घेतले की १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी चार पोळ्या, घट्ट वरण आणि वाटीभर दही यांतून साधारण २७ ग्रॅम. संध्याकाळी सरावानंतर मूठभर शेंगदाणे, गूळ, एक केळे आणि पुन्हा पाव लिटर दूध घेतल्यास १६ ग्रॅम. रात्री ३० ग्रॅम सोयावडीची भाजी, भात आणि दोन पोळ्या यांतून २६ ग्रॅम. सारी बेरीज सुमारे ८७ ग्रॅम होते. अंडी खाणाऱ्यांना दर अंड्यामागे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. या संपूर्ण यादीत किराणा दुकानात न मिळणारा एकही पदार्थ नाही.

प्रथिनांच्या नादात पिष्टमय पदार्थांकडे दुर्लक्ष करणे ही अलीकडे वारंवार दिसणारी चूक. झुंजीच्या दुसऱ्या मिनिटाला लागणारी शर्करा भात, पोळी, भाकरी आणि फळे यांतूनच साठवली जाते. कसून सराव करणाऱ्याला किलोमागे किमान पाच ग्रॅम पिष्टमय पदार्थ हवेत. मंडला-डिंडोरीकडील कोदो-कुटकीसारखी भरड धान्ये आणि तळ्यांतील शिंगाडा ही महाकोशलची परंपरागत अन्ने या दृष्टीने चांगली आहेत. जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलेबी मात्र स्पर्धा जिंकल्याच्या दिवसासाठी राखून ठेवलेली बरी!

पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के इतके पाणी घामावाटे गेले तरी दम आणि एकाग्रता दोन्ही घटू लागतात. ५५ किलोच्या खेळाडूच्या बाबतीत ही घट जेमतेम एक किलोची आहे. जबलपूरच्या वैशाख-ज्येष्ठातील उन्हात जाड सुती पोशाख घालून तासभर झुंजणाऱ्या मुलाचे तेवढे पाणी सहज जाते. सरावापूर्वी व सरावानंतर वजन करावे आणि जेवढी घट दिसेल, त्याहून थोडे अधिक पाणी पुढील काही तासांत घोटाघोटाने प्यावे. चिमूटभर मीठ व साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक हे उत्तम पेय होय.

मुलींच्या ताटाकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या आकड्याचा युद्धकलेशी थेट संबंध आहे. रक्तातील लोह कमी असले की प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ऊर्जेचा तो तिसरा मार्गच अरुंद होतो. मुलगी लवकर दमते, चिडचिडी होते, तिचे सरावात लक्ष लागत नाही. मग तिच्यावर आळसाचा शिक्का बसतो. प्रत्यक्षात तिला गरज असते रक्ततपासणीची, वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्यांची आणि ताटात रोज पालेभाजी, कडधान्ये, तीळ-गूळ यांची. त्यावर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणासोबत चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. ज्या घरात मुलगी सर्वांत शेवटी जेवते, त्या घराने मुलीला कराटेच्या वर्गास पाठविण्याबरोबरच पंगतीचा हा क्रमही बदलला पाहिजे.

गोवराचा उल्लेख प्रारंभी आला. या आजारात शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने खालावतो आणि त्याची परिणती डोळे जाण्यात होऊ शकते. म्हणूनच गोवर झालेल्या बालकाला अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा द्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळेवर दिलेली लस आणि वेळेवर दिलेले ते जीवनसत्त्व असंख्य बालकांची दृष्टी वाचवू शकते. मैदानावरील यशाच्या कितीतरी आधी पोषणाचा हा पहिला सामना घराघरांत खेळला जात असतो.

वजनकाट्यापुढे

युद्धकलांमध्ये वजनी गट असतात ते न्यायासाठी. परंतु खालच्या गटात उतरून सोपा प्रतिस्पर्धी मिळवावा, या मोहापायी अनेक खेळाडू स्पर्धेपूर्वी काही दिवस उपाशी राहतात, पाणी सोडतात, प्लॅस्टिकचे कपडे घालून धावतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीरांचा अशाच रीतीने वजन उतरविताना अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने मृत्यू झाला. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलण्यात आले.

आपल्याकडे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकने हा विषय घरोघरी पोहोचविला. विनेश फोगाट हिने ५० किलो गटात एकाच दिवशी तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. त्यांतील पहिलीच लढत जपानच्या युई सुसाकी या बलाढ्य मल्लाविरुद्धची होती. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टच्या सकाळी, काट्यावर तिचे वजन केवळ १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. रात्रभर केलेले सारे प्रयत्न व्यर्थ गेले. दोनच दिवसांनी अमन सेहरावतने ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. त्यालाही उपांत्य लढतीनंतर एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवावे लागले होते. एकाला यश आले, दुसरीच्या पदरी अश्रू आले. मात्र दोघांच्याही शरीराने त्या रात्री सोसलेली यातना सारखीच होती.

जागतिक स्तरावरील खेळाडूंच्या दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाजवळ कोणी नसते. त्याने वाढीच्या वयात उपाशी राहून गट गाठणे म्हणजे उद्याची उंची आणि हाडांची घनता आजच्या एका प्रमाणपत्रासाठी गहाण टाकणे होय. वजन कमी करावयाचेच असेल तर ते आठवड्याला अर्धा किलो या संथ गतीने, स्पर्धेच्या कितीतरी आधी आणि प्रथिने कमी न करता करावे. वाढत्या मुलाने मात्र आपल्या नैसर्गिक वजनाच्या गटातच खेळावे आणि प्रशिक्षकाने ते पालकांना स्पष्टपणे सांगावे.

सात हजार रुपयांचे कर्ज

अमन सेहरावत ज्या ५७ किलो गटात खेळला, त्याच वजनाच्या गटात १९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीशी जुळवून घ्यावे लागले. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली. हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत लांबलेल्या एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुढच्या कुस्तीस उभे राहावे लागले, अशी आठवण त्यांच्या चरित्रकथनांत येते. दोन लढतींमधील विसावा किती मोलाचा असतो, याची ही सत्तर वर्षांपूर्वीची साक्ष आहे.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. मध्य प्रदेशातीलच सिहोर जिल्ह्याच्या कपिल परमार या तरुणाची दृष्टी शेतातील पाण्याच्या पंपाचा विजेचा धक्का बसल्यानंतर अधू झाली. भावासोबत चहाची टपरी चालवीत त्याने ज्यूदोचा सराव केला आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ६० किलो गटाचे कांस्यपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील ज्यूदोत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. कांस्यपदकाची ती लढत त्याने अवघ्या ३३ सेकंदांत जिंकली. त्या ३३ सेकंदांमागे कित्येक वर्षांची मेहनत होती आणि त्या मेहनतीला पुरणारे अन्नही होते.

घर गहाण ठेवण्याची वेळ प्रत्येक खेळाडूच्या गुरूवर यावी, असे कोणीही म्हणणार नाही. त्यासाठी कुटुंबाने मुलाच्या वर्गाची फी आणि पोशाखाचा खर्च यांच्याबरोबरच खुराकाचाही रकाना मासिक अंदाजपत्रकात मांडावयास हवा. वर उल्लेखिलेले दूध, हरभरे, शेंगदाणे आणि सोयावडी यांचा महिन्याचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहिला, तर तो परदेशी पूड भरलेल्या एका डब्याच्या किमतीशी ताडून पाहता येईल आणि बहुतेक घरांत निर्णय तेथेच होईल. स्पर्धेच्या प्रवासासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकत गेल्यास ऐनवेळी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

सिहोऱ्याच्या खेड्यातली एखादी मुलगी आज पहिल्यांदा गादीवर पाऊल ठेवीत असेल. तिला पहिल्या दिवशी शिकविले जाते ते पडावे कसे हे. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर सपाट, श्वास बाहेर. पडूनही इजा न होता पुन्हा उठता यावे, हीच प्रत्येक युद्धकलेची पहिली पायरी. त्या उठण्याला लागणारे बळ सकाळच्या मोड आलेल्या हरभऱ्यांतून, दुपारच्या घट्ट वरणातून आणि रात्रीच्या पुरेशा झोपेतून येते. ते तिला रोज मिळेल एवढे पाहणे, हे तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांचे काम आहे.